नेत्रपेढीच्या पेटीला कुणाचं कुलूप

“हॅलो?… हो, बोल… अगं बोल ना, मला ऐकू येतंय. मलाच बोलता येत नाहीये… दातांच्या डॉक्टरांकडे. सुई दिलीय. अर्धं तोंड माझं आहे, अर्धं शेजारणीचं… हसू नकोस. काय झालं ते सांग.”

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, रेक्झिनच्या बाकावर, गालाला रुमाल लावून वहिनी बसली होती. इस्पितळातले सगळे कंप्युटर सांभाळणारी ही बाई सुट्टी घेते ती फक्त दात काढायला, असं घरात तिला चिडवत. आणि फोनवर होती तिची धाकटी नणंद, लाडाची ठमी. त्याच इस्पितळाच्या नेत्रपेढीत ती कामाला. माणूस जातो, पण जाताना डोळे मागे ठेवून जातो. ते जपून ज्याला हवेत त्याच्यापर्यंत पोचवायचे, एवढंच त्या पेढीचं काम. त्यातला पत्रव्यवहार ठमीकडे.

“कुठला मेल?… पलीकडच्या शहरातल्या पेढीचा, बरं… बुबुळ आहे त्यांच्याकडे… कुणासाठी?… पाटीवाल्या काकांसाठी? अगं, मग सोन्यासारखी बातमी आहे की… हो… हो… त्यांचा फोन आला, सकाळीच पाठवलाय म्हणून, आणि आपल्याकडे आलाच नाही… थांब, एका दमात नको. गाडी दुपारी निघणार. त्याआधी आपला लेखी होकार गेला नाही तर?… पुढच्या माणसाला. म्हणजे काका पुन्हा घरी.”

वहिनीनं गालावरचा रुमाल खाली घेतला. पाटीवाले काका तिलाही ठाऊक होते. अर्ध्या गावातल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. आता दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तसं पांढरं आलेलं, आणि स्वतः रंगवलेली पाटी लोकांना विचारून वाचायची वेळ आलेली. मागच्या महिन्यात त्यांना असंच बोलावलं होतं आणि असंच परत पाठवलं होतं.

“कुठे बसलेत ते?… तुझ्या दाराबाहेरच? शस्त्रक्रियेसाठी सकाळपासून उपाशी?… मग आधी माझं ऐक. त्या पेढीला फोन कर, म्हणावं तोंडी हो घ्या… नाही घेत. बरं, तुझ्या घरच्या मेलवर पाठवा म्हणावं… नियम. हो, नोंदवलेल्या पत्त्यावरच. चुकीचं नाही त्यांचं, डोळ्यांचा मामला आहे… तू रडतेयस का?… मग नाक कशाला ओढतेस? सर्दी. बरं, सर्दी तर सर्दी. खुर्ची ओढ, कंप्युटरवरचा तो काळा पडदा उघड, हुकूम लिहायचा. मी सांगते ते टाइप कर.”

आतून डॉक्टरांची मदतनीस दारात आली. वहिनीनं फोनवर हात ठेवला.

“ताई, माझ्यानंतरच्यांना घ्या आत… चालेल, बधिरपणा उतरला तर पुन्हा टोचा. दात कुठे पळून जात नाही… हां, ठमे, बोल. एल, एस. जागा. मायनस, एल, डी. जागा. आता टपालाच्या डिरेक्टरीचा पत्ता… तोच, भिंतीवर चिकटवलाय तो. एन्टर. पहिली अक्षरं वाच… डी. पुढे… आर, डब्ल्यू, एक्स. पुढे… पुन्हा आर, डब्ल्यू, एक्स. पुढे रेघा असतील… रेघा नाहीत?… नीट बघ… तिसऱ्यांदा आर, डब्ल्यू, एक्स?”

वहिनी बाकावर ताठ झाली. शेजारच्या बाईनं मासिकातून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं.

“ठमे. माझ्या डोळ्यात बघून सांग… फोनवर असलीस म्हणून काय झालं, बघ. परवानग्या कुणी बदलल्या?… कुणी म्हणजे? माझ्या सुट्टीच्या चार दिवसांसाठी रूटची किल्ली, सगळं बदलता येणारी, मी एकट्या तुलाच दिलीय… हं… हं… सात सात सात. अगदी आतल्या फाईलींपर्यंत… हे तुला शिकवलं कुणी?… मी?… कधी?”

आणि मग तिला आठवलं. सहलीहून आल्यावर घरच्या कंप्युटरवर फोटोंची डिरेक्टरी तिनंच केली होती. नवऱ्याचे फोटो नणंदेला दिसेनात, नणंदेचे पोरांना दिसेनात, जो तो हिच्या नावानं हाका मारायला लागला. तेव्हा कणीक मळता मळता, एका बोटानं, तिनंच सात सात सात मारून सगळं सगळ्यांना उघडं केलं होतं. पाठीमागे उभ्या ठमीनं ते टिपलं होतं. शहाण्यानं दहा वेळा सांगितलेलं राहत नाही, आणि घाईत एकदा केलेलं मात्र दगडावरची रेघ होऊन बसतं.

“अगं ते फोटो होते. समुद्रावर तुझ्या दादाचं पोट सुटलेलं दिसतंय, ते जगानं पाहिलं तरी कुणाचं काय जातंय? हे टपाल आहे… ऐक. तीन वेळा आर, डब्ल्यू, एक्स, म्हणजे वाचणं, लिहिणं, आत शिरणं. पहिले तीन मालकाचे, दुसरे तीन घरच्या माणसांचे, तिसरे तीन रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचेही. तू रस्त्यावरच्याला आत येऊन लिहायची मुभा दिलीस… कुणी आलं नाही गं, पण टपाल टाकणारा प्रोग्राम फार संशयी असतो. ज्या घरात कुणीही शिरू शकतं, तिथे तो टपाल ठेवतच नाही… हो. तू दार सताड उघडलंस म्हणूनच तो उंबऱ्याबाहेर थांबलाय… नाही, परत नाही पाठवलं. रांगेत धरून ठेवलंय. मिळेल. रडू नकोस… सर्दी, हो.”

“आता परवानग्या परत लावायच्या, लिही. सी एच मॉड. जागा. दोन, सात, सात, शून्य… पुढे दोन कशाला? आत्ता शिकायचंय?… या डिरेक्टरीत जी फाईल जन्मेल, कुणीही जन्माला घालो, तिला आडनाव या घराचंच लागावं म्हणून… हो, माझ्यासारखं. फार हुशार आहेस. शेवटचं शून्य बाहेरच्यांसाठी. त्यांना काहीच नाही. मग जागा, मग पत्ता… वाचून दाखव आधी… हं… हं… थांब. पुन्हा वाच. मायनस कॅपिटल आर कुठून आला?… सकाळी घातला होतास म्हणून. बरं, आणि त्यापुढे तिरकी रेघ, मग जागा?… एन्टर दाबू नकोस. हात उचल. दोन्ही हात मांडीवर ठेव.”

वहिनी बाकावरून उठून उभी राहिली होती आणि ते तिला कळलंही नव्हतं. ती एवढीशी जागा तशीच राहिली असती, तर सुटी पडलेली तिरकी रेघ म्हणजे मशीनचं मूळच, आणि नुसती टपालाची पेटी नाही, इस्पितळाचं अख्खं मशीनच आडवं झालं असतं.

“ठेवलेस?… बोलत नाहीयेस म्हणजे ठेवलेस. आता एक हात वर घे. मागे जाऊन सगळं पूस. सगळं… कुणी ओरडलं नाही. मी ओरडले का? अर्ध्या तोंडानं कुणाला ओरडता येतं का?… हं. मायनस आर नको. सी एच मॉड, दोन सात सात शून्य, जागा, अख्खा पत्ता, मध्ये श्वाससुद्धा नको. वाच… एन्टर. आता पेटीच्या फाईलला सहा, सहा, शून्य. तिचं नाव त्याच पत्त्याला जोडून… वाच… एन्टर. पुन्हा पहिली अक्षरं बघ… शेवटी तीन रेघा आल्या ना? शाबास माझी बाय ती. आता रांग हलवायची. सेंडमेल, जागा, मायनस क्यू. एन्टर… आणि पेटी उघड.”

वहिनी बसली. गालाला हात लावून पाहिला. तो तिथे होता, पण कुणा परक्याचा असावा तसा. तिला वाटलं, झालं.

“काय म्हणतंय?… पेटीला कुलूप आहे, दुसरं कुणीतरी वापरतंय… हेच सकाळी आलं होतं? म्हणजे आधी हे आलं, आणि त्यावर औषध म्हणून तू सात सात सात केलंस?… अगं, मग हे आधी सांगायचं की नाही? डोकं दुखतंय म्हणून गेलं माणूस आणि पायाला प्लॅस्टर घालून आलं… नाही. नाही म्हणते ना. कुलूप काढून टाकायचं नाही. नुसती फाईल असली म्हणून काय झालं?… पुसता येते, ते मलाही माहीत आहे. आधी बघायचं, आत कुणी जिवंत आहे का… हसू नकोस, खरंच सांगते. ती लॉक फाईल उघडून वाच. आत कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामचा आकडा असेल… लिहून घे. आता पी एस, मायनस एफ, मायनस पी, आणि तो आकडा. काय आलं?… एक ओळ आली? म्हणजे जिवंत आहे. पहिल्या रकान्यात नाव कुणाचं?”

पलीकडे खुर्ची करकरली.

“ठमे?… हॅलो?… नाव वाच… नाना.”

नाना म्हणजे नेत्रपेढीतला सगळ्यात जुना माणूस. ठमी पहिल्या मजल्यावर, नाना दुसऱ्यावर, नोंदींच्या खोलीत. पेटी दोघांची एकच. गेल्या महिन्यात याच काकांसाठी बुबुळ आल्याचा मेल आला, तेव्हा ठमीनं खालून होकार लिहिला. आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर त्या दिवशी नाहीत हे ठाऊक असलेल्या नानांनी वरून नकार लिहिला. एका पेढीची दोन तोंडं, दोन उत्तरं. पलीकडच्यांनी वैतागून बुबुळ दुसरीकडे दिलं. तुमच्यामुळे झालं, असं ही म्हणाली. तुझ्या उतावळेपणामुळे, असं ते म्हणाले. ठमीच्या होकारावर दुसरे डॉक्टर मिळाले असते की नाही, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही.

“नाना वर पेटी उघडून बसलेत?… रोज?… कधीपासून?… रोज सकाळी आले की उघडतात आणि जेवायला किंवा घरी जाताना बंद करतात. आणि तुला सांगावंसं वाटलं नाही?… दुपारी ते जेवायला गेले की तू वाचायचीस. अगं बाई. आज जेवायला का नाही गेले मग?… अच्छा. त्यांनाही पलीकडून फोन आलाय. तेही याच मेलची वाट बघतायत.”

वहिनीनं डोळे मिटून घेतले. तिला ते दिसलं: वरच्या खोलीत, चष्मा कपाळावर सारून, एक म्हातारा माणूस पडद्याकडे टक लावून बसलाय. दुसऱ्या कुणी पुन्हा भलतं उत्तर देऊ नये म्हणून पेटी हातची सोडत नाही. आणि तो सोडत नाही म्हणून तिच्यात काही पडत नाही.

“ऐक ना… ऐक… अगं ऐक आधी. त्यांचा तो जुना प्रोग्राम, पेटी उघडी आहे तोवर कुलूप धरून ठेवतो. पोस्टमन बाहेर ताटकळत. ते वाट बघणं थांबवत नाहीत तोवर ज्याची वाट बघतायत ते येणार नाही… तू कुलूप मोडलंस तर? मोड. मेल येईल, तू वाचशील, खूश होशील. मग संध्याकाळी नाना आपली पेटी बंद करतील आणि त्यांचा प्रोग्राम सकाळचीच पेटी पुन्हा जशीच्या तशी लिहून ठेवेल. तुझा मेल, त्यातले आकडे, तपासणीचा अहवाल, सगळं पुसलं जाईल. डॉक्टर अहवाल मागतील तेव्हा काय दाखवशील, माझा दात?… मारून टाकायचा? प्रोग्रामला ना? बरं, मला वाटलं नानांना… नाही, तोही नाही. मध्येच मारला आणि तो लिहीत असला, तर पेटी अर्धी राहते. एकच उपाय आहे. जिना चढायचा.”

“चढायचा म्हणजे चढायचा… फोन केलास तर उचलणार नाहीत, हे तूच सांगतेस… मी का म्हणून करू? मी सुट्टीवर आहे, माझी जीभ दातांत अडकतेय… त्यांनी आधी यावं. हो. त्यांनी आधी यावं, मग तू आधी जावंस, मग त्यांनी. आणि काकांनी बाकावर बसून मोजावं कोण आधी येतंय ते… दिसत नाही त्यांना, हेच म्हणतेय मी. त्यांना दिसत नाही, म्हणून तुमचा हा तमाशा त्यांना कळत नाही असं वाटतं तुम्हाला?”

वहिनीला स्वतःचा आवाज जरा जास्तच लागला. शेजारची बाई मासिकाचं पान उलटायचं विसरली होती.

“वन्सं, ऐका. हो, वन्सं म्हणतेय, कारण रागावलेय. तुम्ही माझ्या लाडक्या आहात, तुमचं सगळं खरं आहे, नानांचं सगळं खोटं आहे. हे लेखी देते. पण जिना चढा… चाललीस?… फोन बंद करू नकोस, हातात धर… काका काय म्हणतायत?… विचारतायत, जेवू का? मग काय सांगितलंस?… बरं केलंस. थोडा वेळ थांबा म्हणावं. चढ.”

फोनमधून पायऱ्या ऐकू येत होत्या, एका दमाच्या, मग दमलेल्या. वहिनीनं रुमालानं ओठाच्या कोपऱ्यातलं पाणी टिपलं. मग बराच वेळ नुसती खरखर, आणि मग दोन माणसांचं एकदम बोलणं, एकमेकांवर चढलेलं, कुणाचंच न कळणारं.

“ठमे… ठमे, भांडायला नाही पाठवलं… दे त्यांच्याकडे. दे फोन… नमस्कार नाना… हो, सुट्टीवर आहे. आवाज असा येतोय कारण तोंड वाकडं आहे, मी नाही… नाना, एक विनंती आहे. ती पेटी बंद करा… ऐका तर… तेवढ्यात मेल आला तर? अहो, तेवढ्यातच येणार आहे तो. तुम्ही दाराला पाठ लावून बसलाय, तो बाहेर उभा आहे… मी शपथेवर सांगते. रांगेत आहे, कुठे जात नाही… तिच्यावर विश्वास नाही, ठीक. माझ्यावर आहे?… अर्धवट का असेना, चालेल.”

नाना बोलत राहिले. वहिनी हं, हं करत राहिली. बोलता बोलता म्हाताऱ्या माणसाचा आवाज कसा आतून खचतो, ते तिला ऐकू येत होतं, आणि मध्ये तोंड घालायचा तिला धीर होईना.

“हं… कळतंय नाना… त्या दिवशी काकांना घरी तुम्हीच सोडायला गेलात? हे ठमीला ठाऊक आहे?… तिला सांगा. आत्ता सांगा, ती समोरच उभी आहे ना… आणि त्यानंतर ठरवलंत, की पेटी कुणाच्या हाती द्यायचीच नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण नाना, दोन उत्तरं गेली ती पेटी दोघांची होती म्हणून नाही. तुम्ही दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर होतात म्हणून… हो, मी बोलले. बरी झाले की पुन्हा बोलेन… आज कुणी लिहायचं? ऐका. ती मोठ्यानं वाचेल, आकडे तुम्ही तपासा. डॉक्टर आहेत का, ते तुम्ही विचारा… विचारलंत? आहेत? मग काय हवं. उत्तर ती लिहील, खाली दोन्ही नावं. एकच मेल. दोघांनी पाहिल्याशिवाय जायचा नाही.”

“हं… आता क्यू दाबा… विचारेल, बदल ठेवू का. हो म्हणा. वाय… बंद झाली?… घाबरू नका, पडदा रिकामाच दिसणार. ठमीला बसू द्या. सरका… ठमे, सेंडमेल, मायनस क्यू… हो, तेच. तिथून चालेल, मशीन एकच आहे. आता पेटी उघड.”

खोलीतल्या पंख्याचा आवाज वहिनीला एकाएकी मोठा वाटला.

“आला?… काय आहे ते बोल ना गं… किती?… तसले सगळे सकाळपासूनचे असतील, जाहिराती सोड. त्या पेढीचा?… आहे. वाच. मला नको वाचून दाखवू, नानांना दाखव…”

ती ऐकत राहिली. पलीकडे ठमी वाचत होती, नाना हुंकार देत होते, कुठे अडून पुन्हा वाच म्हणत होते. इथे तिच्या गालात मुंग्या येऊन परका गाल हळूहळू आपला होऊ लागला होता. दात ठणकला तसं तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काय?… ‘होकार’ की ‘स्वीकार’? ठमे, काहीही लिही. ‘हो’ लिही नुसतं… नाना म्हणतात ‘सहर्ष’? असू दे सहर्ष, गाडी निघेल… नावं लिहिलीस? आधी कुणाचं?… त्यांनी तुझं आधी लिहायला सांगितलं… बरं. पाठव… गेला? गेला म्हणजे गेला ना, रांगेत तर नाही?… पोचही आली. गाडीला सांगितलं म्हणतात… नाही, मी नाही रडत. सुई उतरतेय.”

“आता पेटी बंद करा. हो, आत्ताच. तुम्ही दोघंही. वाचायला उघडायची, वाचून झालं की सोडायची… नानांना सांग, मी उद्या येऊन दोघांना दोन नवे प्रोग्राम लावून देते, मग काय बघायचं ते बघत बसा… कोण आलंय?… वॉर्डातली नर्स. काकांना डोळ्यात थेंब घालायला बोलावतायत… तू जातेस खाली?… नानाही?… मग जा की दोघं.”

“काय सांगू म्हणजे?… अगं त्यांना काही सांगू नकोस. मेलचं, कुलपाचं, काहीच नको. तो हिशोब त्यांचा नाही… बाकापाशी आहेस?… उठतायत का?… मग एका बाजूनं तू धर, दुसरीकडून नाना… फोनचं काय? फोन ठेव ठमे. दोन्ही हात लागतील.”